खुर्चीवर बसवतं कोण?

अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. १८८९ साली डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचा हा अधिकार मान्य केला. पण राज्य म्हणजे शेवटी एका मंडळावरची मोजकी माणसं. कुणाला परवाना द्यायचा, कुणाचा काढून घ्यायचा, हे तीच ठरवतात. ती त्या खुर्चीवर येतात कशी, हे रुग्णांना माहीत असायला हवं, म्हणून आज हा विषय घेतला.

बहुतेक राज्यांत नेमणूक गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, करतो आणि बऱ्याच ठिकाणी राज्याच्या सिनेटची, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. टेक्सासच्या वैद्यकीय मंडळावर १९ जण असतात, त्यांत १२ डॉक्टर आणि ७ सामान्य नागरिक. मुदत सहा वर्षांची, पण सगळे एकदम जात नाहीत. त्यामुळे जुनी प्रकरणं माहीत असलेलं कुणीतरी कायम मंडळावर राहतं. कॅलिफोर्नियात १५ पैकी ७ नागरिक. त्यांतल्या दोघांची नेमणूक विधिमंडळाकडून होते, म्हणजे सगळ्या दोऱ्या गव्हर्नरच्या हातात राहत नाहीत. मला ही तजवीज फार मोलाची वाटते.

आता नॉर्थ कॅरोलिना पाहा. तिथल्या दंतवैद्यक मंडळावर आठ जण. सहा दंतवैद्य, आणि त्यांना निवडून देणारे दंतवैद्यच. सातव्या सदस्याला दंत-आरोग्य सहायक निवडून देतात. गव्हर्नर नेमतो तो एकच, ग्राहकांच्या वतीने. मॉलमध्ये, सलूनमध्ये दात पांढरे करून देणारी दुकानं निघाली, तेव्हा दंतवैद्यांनी मंडळाकडे तक्रारी केल्या. बहुतेक तक्रारींचा रोख दातांना होणाऱ्या इजेवर नव्हता, तर त्या दुकानांच्या स्वस्त दरांवर होता. २००६ पासून मंडळाने निदान ४७ पत्रं धाडली, सरकारी शिरनाम्याच्या कागदावर: काम बंद करा. असं पत्र हातात पडल्यावर लहान दुकानदार काय करणार? दुकानं बंद झाली. हे कुंपणानेच शेत खाणं झालं.

२०१५ मध्ये याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की मंडळाचा निर्णय ज्यांच्या हातात आहे, त्या सदस्यांचा त्याच धंद्यात हात असेल, तर राज्याने मंडळावर खरीखुरी देखरेख ठेवलीच पाहिजे; नाहीतर स्पर्धा कायद्यातून, म्हणजे धंद्यातली स्पर्धा दडपायला मनाई करणाऱ्या कायद्यातून, सूट नाही.

म्हणून मंडळावर डॉक्टर नकोत, असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेत चूक कुठे झाली, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच नेमकं कळतं. पण त्याला तिथे त्याच्याच व्यवसायबंधूंच्या मतांनी पाठवू नये. आणि शेजारच्या खुर्चीवरचा नागरिक एकटा नसावा. आठात एक असला, तर तो प्रश्न विचारू शकतो, निर्णय फिरवू शकत नाही. एकोणिसात सात असले, तर डॉक्टरांना त्यांचं म्हणणं सहजासहजी टाळता येत नाही.

या नागरिक-जागांसाठी गव्हर्नरच्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. वैद्यकीय पदवी त्यासाठी लागत नाही. उलट त्या व्यवसायाचा परवाना असलेल्याला ही जागा मिळत नाही.