बांध सगळ्यांचा, म्हणून राखायचा कोणी?

(फोंडा येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

हवामान बदलावर बोलायला मला बोलावले आहे आणि जागा अंत्रुज महालातली, म्हणजे फोंडा तालुक्यातली, आहे. त्यामुळे मी सुरुवात इथल्याच खाजनांपासून करते. बोरी, शिरोडा, दुर्भाट, आडपई या बाजूची मंडळी इथे बसलेली दिसताहेत, त्यांना खाजन म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण सत्तरी-डिचोलीकडून आलेल्यांसाठी थोडे सांगते.

आपल्या नद्यांत समुद्राचे पाणी फार आतपर्यंत येते. मांडवीत भरती जवळजवळ 50 किलोमीटर आत, पार गांजेपर्यंत चढते. या खाऱ्या पाण्याच्या काठची सखल, दलदलीची जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून समुद्राकडून मागून घेतली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर धरतात. चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे यांचा बांध, आणि त्यात जागोजागी मानस, म्हणजे पाण्याचे दार. दाराची रचना अशी की भरतीला बाहेरचे पाणी रेटा देते आणि दार मिटते. ओहोटीला आतले पाणी रेटा देते आणि दार उघडते. इंजिन नाही, वीज नाही. आत एक ओहोळ ठेवलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. पावसाचे जादा पाणी तिथे साठते आणि ओहोटीला मानशीतून बाहेर जाते. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पेरायचे. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून शेवटे मासे आणि सुंगटे (कोळंबी) धरायची. काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ पिकवायचे. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ!

आता या व्यवस्थेवर काय चालून आले आहे ते पाहा. 1901 ते 2018 या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा हा आकडा आहे. वेगही वाढतो आहे: 2006 ते 2018 या वर्षांत तो दर वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. ऐकायला हे किरकोळ वाटते, कारण बांध काही 20 सेंटिमीटरचा नसतो. पण बांध फुटतो तो सरासरी पातळीने फुटत नाही. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, वरून वारा, आणि त्याच दिवशी नदीला पूर, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो फुटतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि त्याच वर्षी जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला, हे आपण पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कोणी लक्ष देत नाही. बाहेरची पातळी वाढली की मानस उघडण्याचा वेळ कमी होतो. ओहोटीला बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली गेले तरच दार उघडणार. समुद्र वर सरकला की हा अवधी आखडतो. दुसरीकडे पाऊस थोड्या तासांत जास्त कोसळू लागला आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो चार महिन्यांत सारखा वाटून पडला तर पोंय तो सोसते. एकाच रात्री फार पडला आणि तेव्हा भरती असली, तर शेत गोड्या पाण्यानेच बुडते. वर पोंयीत भराव टाकलेला असेल, रस्त्याखालची मोरी बुजलेली असेल, तर मग बोलायलाच नको. म्हणजे समुद्राने केलेले आणि आपण केलेले नुकसान एकाच शेतात येऊन मिळते.

इथे माझ्या आजच्या विषयाचा गाभा आहे. खाजनात कोणालाही आपले शेत एकट्याने वाचवता येत नाही. माझा पंचवीस मीटरचा बांध मी कितीही पक्का केला, तरी शेजाऱ्याच्या हद्दीत खांड पडली की खारे पाणी माझ्याच कुणग्यात येणार. मग तीन-चार पावसाळे त्या जमिनीतले मीठ धुण्यात जातात. हवामान बदलाविरुद्ध गावांनी एकत्र यावे, असे आज जगभर सांगितले जाते. आपल्याकडे ती जमिनीची अटच होती.

ती अट पाळायला संस्था होती. गावकारी, म्हणजे गावाची जमीन एकत्र सांभाळणारी गावकारांची संस्था. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणू लागले. 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकाऱ्यांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्या आधीपासून चालत आल्या होत्या म्हणूनच लिहिता आल्या. शेते पावणीत, म्हणजे लिलावात, द्यायची, मानशीच्या मासेमारीची पावणी करायची, त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी करायची, आणि उरेल ते गावकारांना जोण म्हणून वाटायचे. बांधावर नजर ठेवायला माणूस नेमलेला असे. खांड पडल्याची हाक आली की सगळ्यांनी हातातले काम टाकून धावायचे.

या संस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट मी झाकणार नाही. ती समानतेची संस्था नव्हती. गावकार पुरुषांना हक्क. बायकांना बैठकीत जागा नाही. ज्यांच्या हातांनी बांध घातला त्या राबणाऱ्या जातींना त्यात आवाज नाही. कुळ कायदा आला, 1964 मध्ये आणि मग 1976 ची पाचवी दुरुस्ती, तेव्हा कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. तो न्याय होता आणि त्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. पण त्या न्यायासोबत एक प्रश्न उघडा राहिला. जमीन कुळाची झाली, कोमुनिदादीचे उत्पन्न आटले, मग बांध कोणाचा? कायद्याने कुळांच्या संघटना केल्या. मोठ्या डागडुजीला कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग आला. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत संघटनेची निवडणूक होते ती मानशीच्या पावणीसाठी. पावणी घेणारा दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून दार उघडे ठेवतो, खारे पाणी आत घेतो, मासळी भरपूर मिळते आणि भात मरते. भात गेले की शेतकऱ्याचा बांधातला रस जातो. पडीक जमीन विकायला सोपी. वर नदीतून खनिजाच्या बार्जी गेल्या तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध पोखरले, ते वेगळेच.

मग करायचे काय? गावांत जाऊन बसणाऱ्या माणसाने, मग तो शिक्षक असो, पंच असो, खात्याचा अधिकारी असो की माझ्यासारखी कोणी, काय करावे याबद्दल माझी काही ठाम मते आहेत.

पहिले म्हणजे पडद्यावर चित्रे दाखवून सुरुवात करू नये. बांधावर चालत जावे. सोबत सत्तर वर्षांचे आजोबा हवेत आणि कॉलेजातली मुलेही. पाणी कुठपर्यंत येते, आधी कुठपर्यंत येत होते, कोणत्या मानशीचे दार कुजले आहे, कोणती पोंय अरुंद झाली, हे सगळे म्हाताऱ्यांना पाठ असते आणि मुलांच्या हातात फोनवर नकाशा असतो. हे दोघे बरोबर चालले की गावाचा स्वतःचा कागद तयार होतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात आहे. खाजनाची हकिकत तिच्यात लिहा: मासळीच्या जाती, भाताच्या जाती, भरतीच्या खुणा, खांडी पडल्याची वर्षे. कोर्टात किंवा खात्यात जायची वेळ आली तर गावाने स्वतः लिहिलेला कागद कामाला येतो.

दुसरे, बैठकीला कोण नाही ते आधी पाहा. खाजनावर जगणारे फक्त एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, नाव असलेले लोक नसतात. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि खुबे काढणाऱ्या बायका असतात. पागेर, म्हणजे फेकजाळे, मारणारे असतात. मानशीचा पावणीदार असतो. त्याला खलनायक ठरवून बैठक होत नाही, त्याने पैसे भरलेले असतात. बांधाच्या आत सखल जागी घर असलेले असतात, ज्यांच्या अंगणात पहिल्यांदा पाणी येते. आणि मुंबईला, आखातात, लंडनला गेलेले मालक असतात. त्यांना आता फोनवर बसवता येते, आणि माझा अनुभव असा की दूर गेलेला माणूस बांधासाठी पैसे द्यायला तयार असतो. हिशेब मिळेल का, एवढेच तो विचारतो.

तिसरे, भांडण टाळू नका. खारफुटीचेच उदाहरण घ्या. बांधाच्या बाहेर खारफुटी हवी. लाटांचा मार ती घेते, गाळ धरते, मासळीची पिल्ले तिच्यात वाढतात, कर्ब साठवते. पण बांध फुटून शेत पडीक राहिले की तीच खारफुटी आत शिरते, काही वर्षांत शेताचे रान होते आणि मग कायद्याने तिला हात लावता येत नाही. शेतकरी म्हणतो, माझे शेत गेले. पर्यावरणवाला म्हणतो, जंगल तोडू नका. दोघेही खरे बोलतात. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा खास उल्लेख आहे, त्यांचे नकाशे करावेत असेही आहे. पण कुठे भात राखायचे, कुठे खारफुटी वाढू द्यायची, हे बांध फुटायच्या आधी गावाने बसून ठरवले तरच ते ठरते. फुटल्यानंतर उरतो तो खटला.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाबद्दल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचले असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. मला त्या घोषणेपेक्षा त्यांचे अभ्यास गट मोलाचे वाटतात. निर्णयाच्या आधी गावातले लोक अभ्यासाला बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, त्याला प्रश्न विचारतात आणि तो उठून गेल्यावर निर्णय स्वतः घेतात, तोही सर्वांच्या सहमतीने. 2009 मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही अनेक वर्षांची बैठक होती. आपल्याकडे दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. भरती-ओहोटी, गाळ, खारेपणा यांचा अभ्यास करणारे लोक इथून तासाभराच्या अंतरावर बसतात. किती पंचायतींनी त्यांना आपल्या मानशीवर बोलावले?

गोमंतकीय माणूस एकत्र येत नाही, हे मला मान्य नाही. 2006 मध्ये जमीनवापराच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक उठले आणि पुढच्या वर्षी तो आराखडा मागे घ्यावा लागला. 2020 मध्ये मोलेच्या जंगलासाठी, रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध, चांदरला लोक रात्रभर रेल्वे रुळांवर बसले. रविवारच्या ग्रामसभेत आवाज कसा चढतो ते तर आपल्याला माहीतच आहे. नको म्हणायला आपण जमतो. काम करायला, दर वर्षी तेच कंटाळवाणे काम करायला, जमणे जास्त कठीण असते. त्यात विजयाचा दिवस नसतो. बांध टिकला, म्हणजे काहीच घडले नाही. त्याची बातमी येत नाही. म्हणून या कामाला नियम लागतो, वार लागतो, नाव नेमलेला माणूस लागतो आणि पैशाचा उघडा हिशेब लागतो.

घाटाखालच्या गावांबद्दल थोडक्यात. तिथे बांधाच्या जागी झरा आणि डोंगर आहे. कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, पाट अजूनही पाळीने साफ होतो आणि पाणी पाळीने मिळते. ती पाळ वही करून जपा. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आग लागली तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. डोंगरातली वाट मात्र गावकऱ्यालाच ठाऊक असते. सुके गवत वाढायच्या आधी, डिसेंबरातच, वनखात्याबरोबर बसून कोणी कोणत्या टेकडीवर लक्ष ठेवायचे ते ठरवता येते.

परत खाजनाकडे येते. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला. त्या दिवशी लोक खाजनाच्या काठी आपोआप जमतात, आणि अमावास्या असल्यामुळे भरतीही मोठी असते. बांधाची वार्षिक तपासणी त्याच दिवशी ठेवली तर वेगळे आमंत्रण लागणार नाही. मोठ्या भरतीला पाणी कुठे झिरपते ते डोळ्यांना दिसते, आणि दुरुस्तीला पावसाआधी चार-पाच महिने हातात राहतात.

ग्रामसभेत ठराव मांडणार असाल तर तो ‘हवामान बदलावर उपाय करावेत’ असा मांडू नका. त्याचे उत्तर ‘नोंद घेतली’ असे येते. ठरावात चार गोष्टी लिहा. गावातल्या मानशींची यादी आणि प्रत्येकीची आजची अवस्था. दार कधी उघडायचे, कधी मिटायचे याचा नियम, आणि तो पावणीच्या करारात घालण्याची अट. पावणीच्या रकमेतला ठरावीक हिस्सा बांधासाठी वेगळ्या खात्यात, ज्याचा हिशेब पंचायतीच्या फलकावर लागेल. आणि बांधावर फेरी मारणाऱ्या माणसाचे नाव व त्याचे मानधन. कुळांच्या संघटनेची, कोमुनिदादीची आणि जैवविविधता समितीची सही त्या ठरावावर आधी घ्या, मग मृदसंधारण विभागाकडे जा.

ज्या गावांतून आज लोक आले आहेत त्यांनी प्रश्नोत्तरानंतर दहा मिनिटे थांबावे. तिन्ही संस्थांची माणसे कोणत्या गावात आधीपासून एकमेकांशी बोलतात आणि कुठे बोलत नाहीत, हे आपण आजच लिहून काढू.