मास्तरची बासरी

नमस्कार श्रोतेहो.

आज मी एका टीव्ही मालिकेतल्या एकाच भागाबद्दल बोलणार आहे. मालिका ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’, भागाचं नाव ‘द इनर लाइट’. अमेरिकेत तो पहिल्यांदा दाखवला गेला १ जून १९९२ रोजी. मी तो दरवर्षी एकदा तरी बघते, आणि दरवर्षी त्याच जागी माझा गळा दाटून येतो.

गोष्ट अशी. एंटरप्राइज नावाचं अंतराळयान, त्याचा कॅप्टन पिकार्ड. वाटेत एक जुनं, बेवारस यंत्र तरंगताना दिसतं. त्यातून एक किरण निघतो आणि कॅप्टन जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो ते एका अनोळखी ग्रहावर, रेसिक नावाच्या गावात. एक बाई त्याला कामिन म्हणून हाक मारतेय. ती एलीन, त्याची बायको. आधी तो काही केल्या मानत नाही. वर्षं जातात आणि तो त्या गावचाच होऊन जातो. मुलगी होते, मुलगा होतो, नातू येतो. तो बासरी शिकतो. बायको जाते, तो थकतो, वाकतो. आणि इकडे यानावर किती वेळ गेलेला असतो? जेमतेम पंचवीस मिनिटं. पुन्हा सांगते, तिकडे अख्खं आयुष्य, चाळीसएक वर्षं, आणि इकडे पंचवीस मिनिटं.

एवढं सगळं पाऊण तासात सांगून होतं. हल्ली याच गोष्टीचे दहा भाग करतील आणि लोक ते एका रात्रीत संपवतील. मला ते पटत नाही. आठवड्याला एक भाग, त्यात एक पुरी गोष्ट, आणि मग सहा दिवस घरात त्यावर बोलणं, ही रीत चांगली होती. ती परत यावी असं मला मनापासून वाटतं. असो.

तर २००४ चा मे महिना. मी भिगवणजवळ माझ्या आत्याकडे गेले होते. आत्याचं जुनं गाव भीमेच्या काठी होतं, ते उजनी धरणात गेलं. धरण पूर्ण झालं १९८० मध्ये, आणि त्याच्या फुगवट्याखाली अशी कितीतरी गावं गेली. आत्याला इंग्रजीचा गंध नाही. पण मी डीव्हीडी लावली तशी ती शेंगा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, “सांग मला, काय म्हणतात ती माणसं.” मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. पहिल्या दहा मिनिटांतच तिनं कॅप्टनचं नाव ‘मास्तर’ ठेवलं. टक्कल, ताठ बसणं, शांत बोलणं. तिच्या शाळेत तसेच एक मास्तर होते म्हणे.

त्या ग्रहावर दुष्काळ पडलेला असतो. जमीन वाळत चाललीय, तरी गावानं चौकात एक रोप लावलंय आणि आपल्यातलं पाणी काढून ते जगवतायत. ते बघून आत्या म्हणाली, “बरं करतात. गावात एक तरी झाड हिरवं पाहिजे.” मग एलीन नवऱ्याला सारखी बजावते, बूट जागेवर ठेव, बूट जागेवर ठेव. शेवटी अंथरुणावर पडल्या पडल्या, जाता जाताही ती तेच बजावते, आणि तो म्हणतो, ठेवीन. आत्यानं शेंगा सोलायच्या थांबवल्या. “खरंय,” म्हणाली. बाकी काही नाही.

पुढे म्हातारपण. लेक बापाला हाताला धरून बाहेर आणते. सगळं गाव चौकात जमलंय, आकाशात काहीतरी सोडणार आहेत. आणि नेमकी लाईट गेली.

भारनियमन. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

आत्या अंधारात विचारते, “काय सोडणार होते गं?” मी सांगितलं नाही. गोष्टीचा शेवट आधी सांगू नये, या बाबतीत मी फार कडक आहे. अर्धा तास गेला, तास गेला. आम्ही अंगणात बाजेवर पडलो. आणि आत्या आपणहून बोलायला लागली, गाव उठलं त्या वर्षाबद्दल. घराच्या तुळया, चौकटी, दारं, सगळं काढून गाडीवर घातलं. देव हलवले. “वरवंटा आणला,” म्हणाली, “पाटा तिथंच राहिला. कुणाच्यानं उचलंना.” मग घरं सांगायला लागली. वेशीपासून सुरुवात करून डाव्या हाताचं पहिलं, दुसरं, तिसरं. कुणाचं घर, दारात काय, लेकी कुठं दिल्या. ऐकता ऐकता मला झोप लागली.

रात्री अडीचला तिनं मला हलवलं. “ऊठ गं, लाईट आली. मास्तर घरी पोचला का बघू.”

आणि आम्ही शेवट पाहिला. आकाशात सोडलेलं यंत्र म्हणजे पिकार्डला सुरुवातीला भेटलं तेच यंत्र. गेलेली माणसं तरुण होऊन त्याच्यासमोर येतात. आमचा ग्रह हजार वर्षांपूर्वीच संपला, म्हणतात. आमचा सूर्य फुटला, आम्हाला निघून जाता आलं नाही. पण आमच्याबद्दल सांगेल असा कुणीतरी शिक्षक आम्हाला हवा होता. मी ‘शिक्षक’ म्हणाले मात्र, आत्या उठूनच बसली. “बघ! मास्तरच निघाला की!”

मग तो यानावर जागा होतो. त्या यंत्रात एक पेटी सापडते, पेटीत ती बासरी. खोलीत एकटा उभा राहून तो ती छातीशी धरतो आणि वाजवतो. त्या गावची धून, जी आता या विश्वात फक्त त्यालाच येते. भाग संपला. आत्या म्हणाली, “ते वाजवलेलं परत लाव.” मी लावलं. “अजून एकदा.” तीनदा ऐकली तिनं ती बासरी, पहाटे तीन वाजता.

सकाळी ती मला नदीकडे घेऊन गेली. पाणी खूप खाली गेलं होतं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उन्हाळ्यात वर येतं हे तुम्ही ऐकलं असेल, तशीच आत्याच्या गावची जोती वर आली होती. भेगाळलेल्या गाळातून ती सरळ चालत गेली, कुठेही न अडखळता. एका दगडी ओळीपाशी थांबली, पायातल्या चपला काढल्या, एका बाजूला नीट ठेवल्या, आणि मग उंबरा ओलांडून आत गेली. मीही काढल्या.

श्रोतेहो, माझा बराच वेळ आत्यानेच घेतला. बाकीचं पटकन सांगते. पिकार्डचं काम पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचं, आणि या भागात त्यांच्या मुलाचं काम त्यांच्या खऱ्या मुलानंच केलंय, डॅनिएल स्ट्युअर्टनं. बासरीची धून जे चॅटवे यांची. १९९३ मध्ये या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. त्या सूर्याच्या फुटण्याला मालिकेत ‘नोव्हा’ म्हणतात, म्हणजे ताऱ्याचं अचानक भडकणं. विज्ञान काटेकोर म्हणाल तर एकटा तारा ‘नोव्हा’ होत नाही, त्याला शेजारी दुसरा तारा लागतो. मला हे माहीत आहे, आणि म्हणून माझं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. भागाचं नाव घेतलंय बीटल्स या इंग्लिश बँडच्या एका गाण्यावरून, आणि त्या गाण्याचं संगीत त्यांच्यातल्याच जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित केलं ते आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत. त्यात बासरी कुणाची आहे? पंडित हरिप्रसाद चौरसियांची. त्यांची बासरी.

२००६ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात मालिकेतली ती बासरी विकली गेली. अंदाज होता तीनशे डॉलरचा, गेली ४८ हजारांना. मी आत्याला लगेच फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “घेतली त्याला वाजवता येते का?”

हा भाग मिळवून बघा. रात्री बघा, घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून बघा. आणि शेवटी तो बासरी हातात घेईल ना, तेव्हा आवाज थोडा वाढवा.

नमस्कार.