कड्याच्या आतला समुद्र

(दृश्य: कडा, वारा, लाटांचा आवाज.)

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट जस्ट गावाजवळ, जमीन एकदम तुटते. खाली अटलांटिक. लाट कपारीत घुसते, कोंडलेली हवा खडकावर दाबली जाते, फट रुंदावत जाते. मग एखाद्या हिवाळ्यात वरची शिळा निखळून पाण्यात येते.

पण हा कडा एकट्या समुद्राने पोखरलेला नाही. कथील आणि तांब्यापायी माणसांनीही तो आतून पोखरला. लेव्हंट खाणीचे बोगदे समुद्रतळाखाली दीड किलोमीटरपर्यंत गेले होते. शेजारच्या बोटॅलॅक खाणीत, वादळ असलं की कामगारांना डोक्यावर धोंडे गडगडत गेल्याचं ऐकू यायचं. डोक्यावर, म्हणजे समुद्राच्या तळावर!

पुळणीवर उभं राहून बघा, कडा अखंड दिसतो. आतली पोकळी दिसत नाही. मग ती रंगवायची कशी?

चित्रकार पीटर लॅनियन इथलाच. जन्म १९१८, सेंट आइव्हज. तो कड्याच्या अगदी धारेवर जायचा, पोटात गोळा येईपर्यंत. परतल्यावर आधी काचेचे तुकडे जोडून ती जागा उभी करून पाहायचा. चित्र त्यानंतर. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा.

(दृश्य: 'सेंट जस्ट', १९५३.)

माणसाहून उंच कॅनव्हास. मधोमध उभा काळा पट्टा, भोवती शेतांचा हिरवा. तो काळा म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर. २० ऑक्टोबर १९१९ला लेव्हंटमध्ये कामगारांना वर आणणाऱ्या यंत्राची दांडी वरच्या टोकाशी तुटली. पाळी संपवून घरी निघालेली माणसं होती. ३१ जण गेले. लॅनियन तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता, पण त्या गोष्टीतच तो वाढला. चित्रात कुणाचा चेहरा नाही. मला तो काळा पट्टा पुरतो. त्याच्यासमोर आवाज चढवून बोलवत नाही.

१९५९मध्ये तो ग्लायडर उडवायला शिकला. तोच कडा आता वरून, हवेच्या झोतांवर तरंगत पाहू लागला. १९६४च्या ऑगस्टमध्ये ग्लायडरच्या अपघातानंतर तो गेला. वय ४६.

(दृश्य: 'लॉस्ट माइन', १९५९. कॅमेरा हळूहळू जवळ.)

या खाणीत समुद्र शिरलाय. काळ्याला निळा भिडलाय, मध्ये लाल. कडा कुठे थांबतो आणि पाणी कुठे सुरू होतं, ते बोट ठेवून सांगता येत नाही.

(लाटांचा आवाज. आता आतून, खडकातून येणारा.)