बाळ लहान, पेशी तेवढीच

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते लहान मुलांच्या हृदयाला लावायच्या पंपांबद्दल. हृदयाचा स्नायू निकामी झाला आणि रोपणासाठी दुसरं हृदय मिळायला वेळ आहे, अशा मुलाला तोवर जगवायचं, हे या पंपांचं काम. मोठ्यांसाठी असे पंप आहेतच. मग तेच आकाराने कमी करून का बसवत नाहीत?

गोम अशी की पंप लहान करता येतो, रक्तपेशी लहान करता येत नाही. 3 किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. पण त्यातली तांबडी पेशी मोठ्या माणसाच्या पेशीएवढीच, किंबहुना किंचित मोठीच. फिरत्या पात्याचा पंप लहान केला की पुरेसा दाब यायला तो जास्त वेगाने फिरवावा लागतो. मग पातं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पेशी ताणल्या जातात, फुटतात. त्यांच्यातून सांडलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना बाधतं. बरं, वेग कमी करावा, तर रक्त एखाद्या कोपऱ्यात रेंगाळतं आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. बाळाच्या पंपाला या दोन्हींच्या मधली जागा फार थोडी मिळते.

म्हणून या पंपांच्या चाचण्या चिवटपणे कराव्या लागतात. आधी संगणकावर प्रवाहाचं गणित. मग टेबलावर नळ्यांचं बंद वर्तुळ मांडतात. पाण्यात ग्लिसरीन मिसळून रक्ताइतका दाटपणा आणायचा, त्यात अगदी बारीक कण सोडायचे, पंपाचं कवच पारदर्शक ठेवायचं आणि लेझरच्या उजेडात त्या कणांचे लागोपाठ फोटो घ्यायचे. कण जिथे घुटमळतो, तिथे उद्या गुठळी होणार. तो कोपरा बदलायचा. त्यानंतर खरं रक्त, बहुधा गाईबैलांचं. तेच रक्त सहा तास फिरवत ठेवतात, अधूनमधून नमुना काढतात. वरचा प्लाझ्मा पिवळसर राहिला तर ठीक, लालसर होत गेला तर पंप पेशी फोडतोय. एवढं पार पडलं की मेंढ्यांवर प्रयोग.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेने 2004 मध्ये पाच गटांना अशा पंपांसाठी पैसे दिले. त्यांत रॉबर्ट जार्विक यांचा पंप होता. 2012 साली रोममध्ये 16 महिन्यांच्या एका मुलाला त्यांचा अवघ्या 11 ग्रॅमचा पंप बसवला, आणि 13 दिवसांनी त्याला हृदय मिळालं. बातम्या झाल्या, त्या रास्तच होत्या. पण चाचण्यांत पेशी फुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. शेवटी आराखडा बदलून पंप थोडा मोठा करावा लागला, साधारण पेन्सिल सेलएवढा. लहानात लहान करण्यासाठी वर्षानुवर्षं खपलेल्या माणसांनी आकार पुन्हा वाढवायचा, याला मन मोठं लागतं.

तोवर प्रत्यक्षात मुलांना सावरलं ते बर्लिनच्या पंपाने. तिथे 1990 पासून तो मुलांना लावला जातोय. हा पंप शरीराबाहेर, पोटाजवळ असतो. सगळ्यात लहान आकार 10 मिलिलिटरचा. आत एक पडदा, पलीकडून हवेचा दाब, आणि ठोक्यागणिक पडदा पुढे-मागे. कवच पारदर्शक. रोज ठरलेल्या वेळी सिस्टर किंवा डॉक्टर टॉर्च घेऊन येतात आणि झडपांच्या कडांवर उजेड पाडून बारकाईने बघतात. पांढुरका धागा दिसला की नोंद, काळसर ठिपका दिसला की जास्त काळजी. गुठळी वाढली तर छाती न उघडता पंपच बदलता येतो. माझ्या मते यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हा पारदर्शकपणाच.

अमेरिकेत याची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं किती? 48. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पंप आणि निम्म्यांना दुसरं काही, असं करायला कोण धजावणार? म्हणून एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर, ठेवलेल्या आधीच्या मुलांच्या नोंदींशी तुलना केली. पंपावरची मुलं कितीतरी जास्त काळ जगली. पण 29 टक्के मुलांना पक्षाघात झाला. हा आकडा लहान नाही, आणि तो झाकूनही ठेवलेला नाही. मान्यता मिळाली ती थोड्या रुग्णांच्या आजारांसाठी असलेल्या खास सवलतीखाली, डिसेंबर 2011 मध्ये. गिऱ्हाईक थोडं, त्यात प्रत्येक वजनाच्या मुलाला वेगळा आकार. नफ्याच्या हिशोबात हे बसत नाही, म्हणून सरकारी पैसा लागतो.

सर्वांत अवघड मुलं राहतात ती जन्मतः हृदयात एकच कामाचा कप्पा असलेली. त्यांच्यात शरीराचं आणि फुप्फुसांचं रक्त एकाच कप्प्यातून जातं, शस्त्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर रक्तवाहिन्यांची जोडणी बदलते, आणि पंपावरचे त्यांचे निकाल इतर मुलांपेक्षा वाईट येतात. नव्या पंपांची खरी परीक्षा आता याच मुलांवर आहे.

नमस्कार.