पेशीतले हमाल

आत्ता बसल्या बसल्या पायाची बोटं फाकवून बघा. बऱ्याच जणांना नीट जमत नाही, ते सोडा, पण त्यासाठी हुकूम देणारी जी नर्व्ह सेल आहे ना, तिचं मुख्य ऑफिस कमरेजवळ मणक्यात आहे आणि तिची शेपटी तिथून निघून थेट पावलात, म्हणजे एकच पेशी आणि लांबी जवळपास 1 मीटर. आता लागणारं बरंचसं प्रोटीन बनतं वर ऑफिसात. मग ते खाली नेतं कोण?

हे कळलं एका समुद्री प्राण्यामुळे. स्क्विड, आपल्याकडचं माकुल! याची एक नर्व्ह इतकी जाड असते की साध्या डोळ्यांना दिसते, आणि टूथपेस्ट पिळावी तसा आतला गर बाहेर काढता येतो. गंमत म्हणजे पेशीचं आवरण गेलं, प्राणी गेला, तरी त्या गरात मालाच्या पिशव्या आपल्या चालूच! अमेरिकेत वुड्स होलच्या लॅबमध्ये रॉन व्हेल, मायकल शीट्झ आणि थॉमस रीझ यांनी 1985 मध्ये यातूनच ती ढकलणारी मोटर शोधली, किनेसिन नावाचं प्रोटीन.

किनेसिनला दोन पाय. हो, खरंच चालतं ते, मायक्रोट्यूब्यूल नावाच्या 25 नॅनोमीटर जाड नळीवरून, एक पाऊल 8 नॅनोमीटरचं आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च, उधारी नाही. डोक्यावर स्वतःपेक्षा कितीतरी मोठी पिशवी. सगळ्यात फास्ट माल दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत अडीच दिवस.

परतीचा माल आणते दुसरी मोटर, डायनिन. (रेबीजचा व्हायरससुद्धा चावल्या जागेपासून मेंदूकडे जाताना हीच परतीची गाडी पकडतो, फुकट्या.) एकटा डायनिन किनेसिनपुढे अगदी लिंबूटिंबू. पण मुंबईत टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या टीमने लेझरच्या चिमट्याने पेशीतला माल धरून ठेवला आणि कोण किती जोर लावतं ते मोजलं, तर निघालं भलतंच. एकाच मालाला बरेच डायनिन जुंपलेले असतात, आणि ओझं वाढलं की पुढचा डायनिन पावलं छोटी करतो, तेवढ्यात मागचे येऊन त्याला गाठतात, आणि मग सगळे एकदम खेचतात, रस्सीखेचीत खेचतात तसं. किनेसिनला, एवढं दणकट असून, हे जमत नाही.