दुसऱ्यांच्या नावावर जगलेला खडा

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये जन्मलेले किती जण आहेत? हात वर करा बघू. बरेच निघाले की! तुमचं जन्मरत्न पेरिडॉट. आता हे ठरवलं कुणी? महिन्याला रत्न जोडायची हौस जुनीच आहे, पण आज जी यादी सगळीकडे दिसते तिचा पाया १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं कॅन्सस सिटीत घातला. ऑगस्टच्या वाट्याला सार्डोनिक्स आणि पेरिडॉट आले. २०१६मध्ये त्यांच्या घरात स्पिनेल हा तिसरा बिऱ्हाडकरू आला. तेव्हा यादीचं फार मनावर घेऊ नका. खडा मात्र मनावर घेण्यासारखा आहे.

या बिचाऱ्याचं दुर्दैव असं, की शतकानुशतकं लोकांनी त्याला भलत्याच नावांनी हाक मारली. तांबड्या समुद्रात, इजिप्तच्या किनाऱ्याजवळ, झबरगद नावाचं एक उजाड बेट आहे. प्राचीन काळी पेरिडॉट तिथून निघायचा. ग्रीक-रोमन लोक त्या बेटाला 'टोपाझोस' म्हणत आणि तिथल्या हिरव्या खड्यालाही तेच नाव. आज आपण ज्याला टोपाझ म्हणतो तो साफ वेगळा दगड. नाव याचं आणि मिरवतोय तो! पुढे मध्ययुगात हिरवं दिसेल ते पाचू, असा सरधोपट हिशेब झाला. जर्मनीत कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची म्हणून मानली जाणारी सोन्याची पेटी आहे. तिच्यावरचे काही खडे लोक पाचू समजत, ते पेरिडॉट आहेत असं सांगितलं जातं. क्लिओपात्राचे पाचूही खरे पेरिडॉटच होते, असं विकणारे हमखास ऐकवतात. त्यावर माझा विश्वास नाही. इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटात सिकैतला पाचूच्या खऱ्या खाणी होत्या. राणीला पाचू हवे असतील तर ते मिळायला अडचण काय?

तिसरं नाव क्रिसोलाइट. या नावाखाली जुन्या लोकांनी बरेच पिवळे-हिरवे दगड एकत्र कोंबले, त्यात हाही. अकराव्या शतकातल्या मार्बोड नावाच्या फ्रेंच बिशपानं या क्रिसोलाइटचे गुण लिहून ठेवलेत. सोन्यात जडवला तर रात्रीची भीती पळते. भोक पाडून गाढवाच्या केसात ओवून डाव्या दंडावर बांधला तर भुतं पळतात. (हशा) हसू नका, अंधारात दिव्याशिवाय झोपणाऱ्या माणसाला दंडावरच्या दगडाचाही आधार वाटत असेल.

आता खड्याकडे येऊ. पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचा रत्नाच्या लायकीचा, पारदर्शक तुकडा. मॅग्नेशियम, लोह, सिलिका आणि ऑक्सिजन. पाचूला हिरवा रंग येतो तो क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या चिमूटभर भेसळीमुळे. पेरिडॉटचा रंग त्याच्या घडणीतच असलेल्या लोहाचा. म्हणून हा निळा, लाल असा कधी भेटत नाही. पिवळसर हिरव्यापासून शेवाळी हिरव्यापर्यंत, एवढीच काय ती त्याची धाव.

आणि येतो कुठून? आपल्या पायाखालच्या कवचाच्या खाली जे प्रावरण आहे, त्याच्या वरच्या थरात सर्वांत जास्त असतं ते हेच ऑलिव्हिन. ज्वालामुखीचा रस झपाट्यानं वर येताना तिथले ढेकळासारखे गोळे सोबत उचलून आणतो. रेंगाळला तर खडे वाटेतच विरघळायचे. ॲरिझोनातल्या सान कार्लोसला काळ्या बेसॉल्टमध्ये असे हिरवेगार गोळे सापडतात.

पण ऑलिव्हिन आकाशातूनही पडतं. १७७२ साली पीटर पालास या निसर्गशास्त्रज्ञानं सायबेरियात लोखंडाचा एक अजस्र गोळा पाहिला. लोखंडात हिरवट-पिवळे स्फटिक रुतलेले. तशा अशन्यांना आज त्याच्यावरून पॅलासाइट म्हणतात. २००६मध्ये स्टारडस्ट यानानं विल्ट-२ धूमकेतूची धूळ पृथ्वीवर आणली, तिच्यातही ऑलिव्हिनचे कण निघाले.

हा खडा मी पुढच्या रांगेत देतोय, सोबत दहापटीचं भिंग आहे. भिंग डोळ्याला अगदी चिकटवा आणि खडा भिंगाजवळ आणा. वरच्या सपाट पैलूतून आत, तळाच्या पैलूंच्या कडा बघा. एकेक कड दोनदा दिसते ना? रुळासारख्या दोन रेषा? नसेल दिसत तर खडा जरा तिरका करा, काही दिशांनी ती जोडी लपते. आत शिरलेला प्रकाश इथे दोन वाटांनी फुटतो. पाचूतही फुटतो, पण इतका थोडा की अशा भिंगाला ते कळत नाही. काचेत तर फुटतच नाही. म्हणजे ज्याला लोक पाचू म्हणत राहिले, त्याची खरी ओळख त्याच्या पोटातच लिहिलेली होती. वाचायला भिंग हवं होतं. नशिबात असेल तर आत कमळाच्या पानासारखी एखादी गोल चकतीही दिसेल. तिच्या मधोमध काळा ठिपका असतो, तो बहुधा क्रोमाइट या काळ्या खनिजाचा स्फटिक. त्याच्याभोवती ताणानं पडलेली बारीक चीर म्हणजे ते पान.

एक विनंती. खडा बघून झाला की शेजाऱ्याच्या तळहातावर ठेवा, टेबलावर टाकू नका. याचा कठीणपणा मोह्सच्या दहाच्या मापावर साडेसहा-सातच्या आसपास, पडला तर टवका उडतो. अंगठीत असेल तर आम्लापासून जपा आणि तापवून एकदम गार पाण्यात घालू नका. हं, मागच्या रांगेत काकू काहीतरी म्हणताहेत. दोन रेषा दिसल्या? मग भिंग पुढे जाऊ द्या.