‘असूड’ कुठे सापडतो? गावचे वाचनालय आणि मोफत डिजिटल ग्रंथ

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय, कार्यकारी मंडळाचे सदस्य आणि वाचकहो,

गेल्या महिन्यात वर्गणी भरायला आलेल्या एका सभासदांनी पावती घेता घेता मला विचारले, “आता सगळे मोबाइलवर फुकट मिळते, मग वाचनालयाला पैसे कशाला द्यायचे?” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न रास्त होता आणि आजचे व्याख्यान हे त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

‘फुकट मिळते’ हे त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. मराठी विश्वकोशाचे सगळे खंड, ज्यांची एक संपूर्ण मांडणीच आपल्या वाचनालयात अडली आहे, ते संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटिअरे, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ, यांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी रत्नागिरी आणि सावंतवाडीचे 1880 सालचे गॅझेटिअर पडद्यावर उघडून दाखवतो, तेव्हा आपल्या बंदरांवर त्या काळी कोणता माल उतरत होता हे वाचून ती चकित होतात. हे झाले सरकारी खर्चाने आपल्यापर्यंत आलेले साहित्य. दुसरा साठा कायद्याने खुला केला आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाले की तेथून साठ वर्षे मोजायची आणि ती संपली की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 1 जानेवारी 2011 पासून त्यांची पुस्तके कोणीही छापावीत, टंकावीत, जालावर ठेवावीत. मात्र नव्या आवृत्तीला आजच्या संपादकाने जोडलेली प्रस्तावना आणि टिपा खुल्या होत नाहीत, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. विकिस्रोत या मोफत ग्रंथांच्या संकेतस्थळावरचे स्वयंसेवक जी जुनी पुस्तके पानापानाने टंकून तपासतात, ती प्रामुख्याने या खुल्या साठ्यातली असतात.

परदेशातली रीत थोडी वेगळी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळी सांगतात की तेथे ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक ‘लिबी’ या ॲपमध्ये घातला की अगदी नवी ई-पुस्तकेही घरबसल्या मिळतात. मिळतात खरी, पण त्यांचे परवाने ग्रंथालयाने प्रकाशकाकडून विकत घेतलेले असतात, आणि बहुतेक परवाने एका प्रतीला एका वेळी एकच वाचक अशा अटीचे असल्यामुळे लोकप्रिय पुस्तकासाठी तेथेही रांग लागते. आपली बहुसंख्य वाचनालये 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालील अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतात. त्यांच्याकडून असे परवाने घेतले जाण्याची शक्यता मला तरी नजीकच्या काळात दिसत नाही, म्हणून जे मोफत आहे तेच नीट पोहोचवणे हे आपले काम ठरते.

आता सभासदांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. आमच्याकडे रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त शेतकरी आहेत. त्यांना महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचायचा होता आणि आमची एकमेव प्रत बांधणीला गेली होती. नातीने फोनवर शोध घेऊन सांगितले की पुस्तक नाही. मी तिला काय टंकले ते विचारले, तर तिने ‘आसूड’ असे लिहिले होते. आपण बोलताना ‘आसूड’ म्हणतो हे खरे, पण 1883 साली लिहून झालेल्या या ग्रंथाच्या नावात ‘असूड’ आहे. ते दुरुस्त केले तरी काही ठिकाणी पुस्तक मिळेना. याचे कारण ‘ऱ्या’ हे अक्षर. संगणकावर ते दोन प्रकारे लिहिले जाते: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला पाय मोडून य जोडतात, तर एकदा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण ठेवतात. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात, परंतु साध्या शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात स्कॅन झालेली आणि आता इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहावर असलेली मराठी पुस्तके पाहिली, तर त्यांची नावे रोमन लिपीत, तीही ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे नोंदवलेली आढळतात. आम्ही तिघांनी अर्धा तास खटपट केली. नावाचा नाद सोडून लेखकाच्या आडनावाने शोधल्यावर समग्र वाङ्मयाची प्रत हाती आली. ग्रंथपाल ज्याला तालिका म्हणतात ती ग्रंथांची नोंदसूची चांगली नसेल, तर ग्रंथ असून नसल्यासारखा होतो.

मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचेही तसेच आहे. त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधसोयीसह मोफत आहे, आणि ग्रामीण शब्दांसाठी त्याच्या तोडीचा कोश मला तरी ठाऊक नाही. पण त्यात क्रियापदे ‘करणें’, ‘बोलणें’ अशी अनुस्वारासह छापली आहेत. हे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी गेले, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला ते टंकावेत हे सुचणार कसे? जुन्या पुस्तकात शोध घेताना जुने लेखन आठवणारा माणूस शेजारी असावा लागतो, आणि आपल्या गावात तशी माणसे अजून वाचनालयाच्या बाकावर बसलेली असतात.

आमच्या चुकाही सांगतो. पहिल्यांदा आम्ही सूचनाफलकावर क्यूआर कोडांचा मोठा तक्ता लावला. सहा महिन्यांत त्यावर धूळ बसली, आणि एका कोडावर कोणीतरी वधू-वर मेळाव्याची जाहिरात चिकटवली. मग आम्ही साधी वही ठेवली. वाचकाने काय मागितले, कोणत्या शब्दाने शोधले, कोठे मिळाले आणि कोठे मिळाले नाही, असे चार रकाने त्यात आहेत. आज कोणी ‘आसूड’ मागितला की वहीचे पान उघडून दोन मिनिटांत काम होते. स्कॅन केलेली प्रत छायाचित्रासारखी जड असते, म्हणून ती वाचनालयाच्या वायफायवर उतरवून देतो, वाचकाचे डेटा पॅक खर्ची पडू देत नाही. हयात लेखकांच्या चोरून चढवलेल्या प्रतींचे दुवे मात्र मागितले तरी देत नाही. त्यावरून दोन सभासद रुसले आहेत.

या शनिवारपासून दुपारी चार ते सहा आम्ही पुस्तके शोधून देण्याचे हे काम वाचनकक्षात जाहीरपणे करणार आहोत. येताना पुस्तकाचे नाव आठवेल तसे कागदावर लिहून आणा, चुकीचे असले तरी चालेल. फोन मात्र चार्ज करून आणा, कारण त्या खोलीत प्लगची जागा एकच आहे.